आत्माराम येतो म्हणाला

आंबेखोल, बौद्धवाडी
ता. जि. रत्नागिरी
२ जून २०२५

चि. दीप्ती,

सहदेव आजोबाकडून जय भीम.

तुझी चिठ्ठी पोचली. चार ओळी, त्यातल्या दोन रागाच्या. तरी पोस्टमन माझ्या दारात उभा राहिला याचंच मला अप्रूप. फोन केला नाहीस ते बरं केलंस. माझे कान आता शोभेपुरते आहेत. फोनवर माणूस बोलतो आणि मला नुसता भात रटरटल्यासारखा आवाज येतो. मग मी आपलं "हो हो" म्हणतो. त्या "हो हो"च्या पायी गेल्या वर्षी मी कुणाच्या तरी साखरपुड्यात भाषण करायचं कबूल करून बसलो होतो.

तू दोन गोष्टी मागितल्या आहेस. तुझ्या आजोबांचं, म्हणजे माझ्या लहानपणापासूनच्या दोस्ताचं, आत्मारामचं, लढाईत काय झालं ते खरंखरं लिहून पाठवा, ही एक. आजीला त्या घरातून बाहेर काढा, ती तुमचंच ऐकते, ही दुसरी. दुसरीचं आधी सांगतो, कारण ती थांबणारी नाही.

येसूवहिनीच्या घरामागच्या डोंगराला गेल्या पावसात भेग पडली. तेव्हा तीत बोट जायचं. परवा मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. सरकारी माणसं आली, फोटो काढून गेली, आणि खालच्या सगळ्या घरांना कागद मिळाला की पाऊस जोर धरायच्या आत शाळेत राहायला जा. शाळेचे दोन वर्ग रिकामे करून दिलेत. रिकामे कसले करायचे, गावात पोरं आहेत कुठे, ते रिकामेच होते. माणसं शिव्या घालत का होईना, गेली. राहिली एकटी तुझी आजी.

मी गेलो सांगायला. ती पडवीत कुळीथ पाखडत बसली होती. म्हटलं, "वहिनी, उठा. शाळेत नको तर माझ्याकडं चला. माझं घर कातळावर हाय, त्याला काय होत नाय."

"तुम्ही जावा भावोजी. मी हितंच बरी हाय."

"डोंगर अंगावर येतोय."

"येऊ दे. पण निलूचा बापूस आला आणि दाराला कुलूप दिसलं, तर माघारी नाय जायाचा?"

हे तुला नवीन नाही. तुझा बाबा निलेश हे ऐकतच मोठा झाला. आत्माराम सीमेवर असताना तो जन्मला, बापाचं तोंड त्याने पाहिलं नाही. मुंबईची एस.टी. आली की वहिनी त्याला रस्त्यावर धाडायची, बापूस उतरतोय का बघ म्हणून. पोरगं धावत जायचं आणि हात हलवत परत यायचं. मोठा झाल्यावर त्याने गावच सोडलं. जाताना मला म्हणाला, "काका, तिच्या डोक्यात हे तुम्हीच भरवलंत." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि आता तर तो या जगातच नाही. तुझ्या चिठ्ठीत मला त्याचाच आवाज ऐकू आला. कान गेले तरी तसले आवाज ऐकू येतात.

आता हकीकत. दर पंधरा ऑगस्टला मी शाळेत सांगतो तीच लिहितो. एकाहत्तर सालचा डिसेंबर. पूर्वेची सीमा. भात कापलेली शेतं, आपल्यासारखीच, फक्त डोंगर नाहीत. मधून एक कालवा. आमची पलटण सकाळच्या धुक्यात कालवा ओलांडून पलीकडच्या बांधापर्यंत गेली. समोरून तोफांचा मारा झाला. आत्माराम शौर्याने लढला आणि बेपत्ता झाला. पुढे आपण लढाई जिंकलो. मग पोरं टाळ्या वाजवतात, बाई मला नारळ देतात आणि गोळ्या वाटल्या जातात. एखादं कार्टं विचारतं, "आजोबा, तुम्ही किती मारले?" मी म्हणतो, "मोजायला वेळ कुणाला होता?" हशा होतो. संपलं.

तुला हवं होतं ते पाठवलं आहे. आजीचं बघतो.

सहदेव


१९ जून

चि. दीप्ती,

जय भीम.

तू नर्स झालीस हे चांगलं झालं, वकील झाली असतीस तर आमची धडगत नव्हती. "शौर्याने लढला" आणि "बेपत्ता झाला" या दोन शब्दांच्या मध्ये काय झालं ते लिहा, म्हणतेस. नाहीतर लिहूच नका, म्हणतेस. तुझ्या बाबाने पन्नास वर्षांत हा प्रश्न विचारला नाही. नुसता रागावून बसला.

इथे पाऊस धो धो आहे. भेगेवर पंचायतीने निळं प्लॅस्टिक अंथरलं होतं, ते वाऱ्याने उडून फणसावर जाऊन बसलं. मी दिवसातून दोनदा वहिनीकडे जातो. ती मला चहा देते आणि हलत नाही.

बरं, मधलं सांगतो.

बांधाला पोचलो आणि तोफेचा गोळा आमच्या जवळच फुटला. मी फेकला गेलो. उठलो तेव्हा कानात शिट्टी वाजत होती, दुसरं काही नाही. माणसांची तोंडं हलताना दिसत होती. आत्माराम माझ्या शेजारीच पडला होता. पोटाला लागलं होतं त्याला. किती लागलं होतं ते तुला सांगत नाही, तू अशा गोष्टी बघतेस तेव्हा समजून घे. मागे कालव्यापर्यंत हटायचा हुकूम आला होता, सगळे पळत होते. मी त्याच्याजवळ बसलो. त्याचं डोकं माझ्या खांद्यापाशी होतं, माझा हात त्याच्या हातात. तेव्हा तो बोलला. शिट्टीतून मला एकच शब्द ऐकू आला. "येतो."

तुला मुंबईत वाढल्यामुळे कदाचित जाणवत नसेल, पण आपल्याकडे घरातून निघताना कुणी "जातो" म्हणत नाही. लहानपणी मी एकदा "जातो गे" म्हणालो तर आवशीने माझ्या तोंडावर हात ठेवलान. म्हणाली, "येतो म्हण मेल्या, जातो मेलेलं माणूस." तर आत्मारामने तसा निरोप घेतला. मला तिथल्या तिथे कळलं. मी उठलो आणि कालव्याकडे पळालो.

काठावर आमचे सुभेदारसाहेब माणसं मोजत होते. पंजाबी माणूस, उंचापुरा. माझ्या कानाशी ओरडले, "आत्माराम किधर है?" आणि मी काय म्हणालो ऐक. मी म्हणालो, "साब, वो बोला, आता हूँ." माझी तेव्हाची हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. साहेब आनंदले. "आता है? चलो, रुको." आणि धुक्याकडे बघत थांबले. त्यांना कसं सांगायचं की साहेब, आमच्यात जाणारा माणूस येतो म्हणतो? दोन पोरं दोर घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. कुणी आलं नाही. पुन्हा मारा सुरू झाला, मग आम्ही निघालो. ते शेत पुन्हा आमच्या हातात आलं तेव्हा सगळं उकरून निघालेलं होतं. तिथे आत्माराम नव्हता, त्याचं काही नव्हतं. येतो म्हणणारा माणूस मेला कसा म्हणायचा, म्हणून साहेबांनी त्याला बेपत्ता ठरवलं. वाट चुकून पलीकडे गेला असेल, कैदेत असेल, सुटेल.

मी रजेवर घरी आलो तेव्हा तुझी आजी निलेशला मांडीवर घेऊन बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची पोर ती. मला बघून उठलीसुद्धा नाही. एवढंच विचारलंन, "काय म्हटलान?"

मी म्हणालो, "येतो म्हणाला."

साहेबाला मराठी येत नव्हती म्हणून त्याचं चुकलं. वहिनीला येत होती, तिच्या आवशीनेही तिला "जातो" म्हणू दिलं नसेल. तरी तिने साहेबासारखंच ऐकलं. तिच्या तोंडावर असा काही उजेड आला की माझ्या जिभेला पुढचं बोलता आलं नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. महिनाभराने सांगू. मग दिवाळीनंतर सांगू. मग कैदी सुटून आले, त्यांच्यात तो नव्हता, तेव्हा तर सांगवेचना. पुढे निलेश शाळेत जायला लागला आणि मी सांगायचं सोडूनच दिलं.

हे तुझं मधलं. वाचून तुला काय वाटेल ते लिही. शिव्या लिहायच्या असतील तर त्याही लिही.

सहदेव


६ जुलै

चि. दीप्ती,

शिव्या लिहिल्या नाहीस. एकच वाक्य लिहिलंस, "मग हेच आजीला सांगा, आजच." ते वाक्य खिशात घेऊन मी चार दिवस हिंडलो. म्हातारपणी माणूस शूर होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

सोमवारी गेलो. घराच्या मागच्या भिंतीतून पाणी येत होतं, गढूळ, लाल. वहिनी तपेली लावून बसली होती. एक भरली की ओतायची, दुसरी लावायची. मी तिच्या हातातली तपेली काढून घेतली आणि सांगितलं. सगळं नाही. पोटाचं नाही सांगितलं. तो माझ्या शेजारी पडला, त्याने निरोप घेतला, आणि "येतो" म्हणजे आपण दारातून निघताना म्हणतो ते "येतो", एवढं सांगितलं. मला माझाच आवाज नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी ओरडत होतो की काय कुणास ठाऊक. तसली गोष्ट माणसाने हळू सांगायला हवी.

 ती तोंड माझ्यासमोर आणून, मला कळेल असं बोलली.

"हे तवाच का नाय सांगितलंत?"

"तुम्ही हसलात, वहिनी."

"मी?"

"मी येतो म्हणाला म्हटलं, आणि तुम्ही हसलात. लगीन झाल्यापासून मी तुम्हाला तसं हसताना बघितलं नव्हतं."

तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडेल, मी वाटच बघत होतो. पण तिने पदराने तपेलीची कड पुसली आणि ती पालथी घातली. मग उठली. गाठोडं बांधायला तिला फार वेळ लागला नाही, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. दोन लुगडी, बाबासाहेबांची तसबीर, निलेशचा शाळेतला फोटो, आत्मारामचा फौजेत जाण्याआधीचा एक सदरा. एवढी वर्षं दर दिवाळीला ती तो सदरा धुऊन वाळत घालायची.

दारातून निघताना मी विचारलं, "कुलूप लावू काय?"

"कुणासाठी?" म्हणाली आणि पावसात चालू लागली. मी छत्री घेऊन मागे.

गुरुवारी दुपारी डोंगर आला. शाळेच्या ओट्यावरून आम्ही सगळ्यांनी बघितला. मला त्याचा आवाज नाही आला, पण पायाखालची फरशी थरथरली. फणस उभाच्या उभा खाली सरकला, अगदी सावकाश, आणि मग घर दिसेनासं झालं. माणूस एकही गेलं नाही. तलाठ्याने सगळ्यांची नावं घेतली तेव्हा वहिनीचं नाव घेऊन तो माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, "आजोबा, तुम्ही वाचवलंत." बायकाही तेच म्हणाल्या. तुझ्या मनासारखं झालं, दीप्ती. आजी जिवंत आहे.

पण तू जरा येऊन बघ. ती वर्गाच्या भिंतीकडे तोंड करून बसते. त्या भिंतीवर पाढे लिहिलेत, ते बघत असते. तिला वाचता येत नाही. पूर्वी तिला दिवसभर काम असायचं, आज येईल, उद्या येईल, भात जरा जास्त टाकायचा, अंगण झाडून ठेवायचं. ते सगळं मी काढून घेतलं आणि त्या जागी तिला सतरंजी दिली. मी वाचवलं म्हणतात त्यांच्या तोंडाला कोण लागणार.

काल मात्र तिने मला हाक मारली. म्हणाली, "भावोजी, त्याचं कार्य करून टाका." रविवार ठरवला आहे, २० तारीख. तू ये.

सहदेव


२८ जुलै

दीप्ती,

गाड्या बंद पडल्या आणि तुला येता आलं नाही, तुझा निरोप शाळेच्या बाईंच्या मोबाइलवर आला होता. तू आली असतीस तर हे पत्र मला लिहावं लागलं नसतं. किंवा लिहायचं धाडसच झालं नसतं. आधी कार्याचं सांगतो.

शाळेच्याच वर्गात केलं. आमचे बौद्धाचार्य तरुण आहेत, शेजारच्या गावाहून येताना अर्धी वाट चिखलातून चालत आले. त्यांना आधी प्रश्न पडला होता की माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, जलदान विधी आता कसा करायचा. मग म्हणाले, करू, आजीसाठी करू. आत्मारामचा फोटो नव्हता, तो सदराच पाटावर घडी करून ठेवला. वहिनीने गळ्यातली काळी पोत सोडली. बौद्धाचार्य म्हणाले, "आजी, आपल्यात आता हे करत नाहीत. राहू द्या गळ्यात."

"तुमच्यात नसंल," वहिनी म्हणाली. "माझ्या गळ्यात होती ना?" आणि ती पोत तिने सदऱ्यावर ठेवली.

मग ती मला म्हणाली, सगळ्यांसमोर सांगा. लोक होते, शाळेतली उरलीसुरली पोरं होती, वाडीच्या मुंबई मंडळाची चार माणसं मोबाइलवर बघत होती. मी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच पंधरा ऑगस्टची गोष्ट न सांगता दुसरी सांगितली. गोळा फुटला, तो पडला, त्याने माझा हात धरला आणि "येतो" म्हणाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहिनी मान हलवत होती. म्हणाली, "निरोप घेऊन गेलान. मला वाटायचं, एकटाच कुठंतरी पडला असंल, बोलायला माणूस नसंल. तुम्ही होतात. पुरे हाय मला." आणि त्या बाईच्या तोंडावर पुन्हा थोडा उजेड आला. मला वाटलं, झालं ते बरंच झालं. खरंच वाटलं मला तसं.

शेवटी सगळे हात जोडून मोठ्याने म्हणाले आणि मला ऐकू आलं, "आधू, आधू, आधू."

मी शेजारी बसलेल्या शाळेच्या बाईंना विचारलं, "हे आधू आधू काय म्हणतायत?" त्या हसल्या. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, साधु. वर्षानुवर्षं विहारात जातो मी, माझ्या तोंडून तर साधुच येतं, दुसऱ्याचं मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनाही तसंच होतं, कान जायला लागले की आधी "स" जातो. तू नर्स आहेस, तुला हे माहीत असेल.

मी रात्री झोपलो. सकाळी उठून दात घासताना माझ्या हातातून लोटा पडला.

शाळेत गेलो. मधली सुट्टी होती. बाईंना म्हटलं, माझ्या पाठीमागे उभ्या राहा आणि "स"चे शब्द म्हणा, मी ओळखतो. त्यांना वाटलं आजोबांना करमत नाही. आधी सूप म्हणाल्या, मला ऊप ऐकू आलं. सण म्हणाल्या, अण ऐकू आलं. पोरं हसायला लागली. मग मी पाटीवर दोन शब्द लिहिले आणि म्हटलं, यातला कुठलाही एक म्हणा. येतो. येतोस.

बाई म्हणाल्या. मी म्हटलं, येतो. पोरं ओरडली, चूक! पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, येतो. चूक! मग पोरांना खेळच मिळाला. एकेक जण माझ्या मागे येऊन कानात ओरडायला लागला, आणि मी दरवेळी येतो म्हणत होतो, आणि दरवेळी मला तेवढंच ऐकू येत होतं. "येतो" म्हटलं तरी येतो आणि "येतोस?" म्हटलं तरी येतो. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा पोरं पळाली. घंटा मला ऐकू आली नाही, पोरं पळताना दिसली.

पेशवाईत कुणीतरी ध चा मा केला म्हणतात. तिथे निदान कुणीतरी मुद्दाम केला. इथे कुणी काही केलं नाही. अक्षर नुसतं गळालं.

तू म्हणशील, आजोबा, तेव्हा तुम्ही विशीचे होतात, कान शाबूत होते. नव्हते गं. तो गोळा फुटला तीच वेळ होती ती. शिट्टी त्या दिवशी वाजायला लागली आणि अजून वाजते आहे. आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो. हे मी तुला आधी लिहिलं नाही. मी कालव्याकडे बघत होतो, पळणाऱ्यांकडे. बघितलं असतं तर ओठांवरून कळलं असतं.

आणखी एक लिहिलं नाही. माझा हात त्याच्या हातात होता असं मी लिहिलं. कार्यातही तसंच सांगितलं. हात नव्हता, मनगट होतं. त्याने माझं मनगट धरलं होतं आणि सोडलं नव्हतं. मी त्याची बोटं उलगडली, एक एक. अंगठा सगळ्यात शेवटी. निरोप घेणारा माणूस असं मनगट धरून ठेवत नाही, दीप्ती. मला न्यायला येतोस काय, असं विचारणारा धरतो. आपल्या भाषेत तो एवढंच विचारेल, "येतोस?" आणि उत्तराची वाट बघेल. तिकडे मी साहेबांना सांगत होतो, आता हूँ बोला, आणि साहेब धुक्याकडे बघत होते. मी "येतोस" ऐकलं असतं तर "हो" तरी म्हणालो असतो. गेलो असतो का माघारी, माहीत नाही. पण हो म्हणालो असतो. त्याला मरायला किती वेळ लागला असेल, ते सकाळ-संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझी आजी इथे वाट बघत होती एवढंच आपल्याला माहीत होतं. तिथे तोही वाट बघत होता. माझी.

हे खात्रीचं आहे असं मी म्हणत नाही. कदाचित "येतो"च असेल. तू शिकलेली आहेस, दवाखान्यात कानांचे डॉक्टर असतील, त्यांना विचार की गोळा फुटल्यावर लगेच "स" जातो का. जात नसेल तर मला लिही. जात असेल तरी जात नाही असं लिही. मी नर्सकडे खोटं मागतो आहे, रागावू नकोस. मला जगायचा आता मनापासून कंटाळा आला आहे आणि मरायला तोंड नाही.

वहिनीला काही सांगितलेलं नाही. सांगणार नाही. तूही सांगू नकोस, तुला तुझ्या बाबाची शपथ.

पण ती आता मला सोडत नाही. तिचं भिंतीकडे बघणं थांबलं आहे. जेवते नीट. संध्याकाळी ओट्यावर शाळेतली पोरं गोळा करते आणि मला बोलावणं धाडते. मी नाही म्हटलं तर स्वतः छत्री घेऊन कातळावर येते, या वयात. "चला भावोजी, पोरांना सांगा." मी जातो. बसतो. गोळा फुटतो, तो पडतो. रोज. पोरं माझ्याकडे बघून गालात हसतात, त्यांना तो पाटीवरचा खेळ आठवतो. मग वहिनी मला कळावं म्हणून तोंड जवळ आणते आणि विचारते, "आणि शेवटी काय म्हटलान?"

मी सांगतो.

काल पोरं गेल्यावरही ती बसून राहिली. पाऊस थांबला होता. तिचं घर होतं तिथे आता लाल उतार आहे, त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "कसा माणूस होता बघा भावोजी. मरताना पण जातो नाय म्हटलान."

मी होय म्हणालो.

सहदेव